बाणाच्या टायरच्या चार चकरा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही — आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. माझ्याकडे सगळ्याची यादी असते. सिलिंडर कधी लावला, कोणाच्या लग्नात कोणती साडी आली, फ्रिजमधली कुठली बाटली कधी उघडली. ही एक गोष्ट मात्र कुठल्याच यादीत नाही. म्हणजे — एका चिठ्ठीवर आहे. त्या चिठ्ठीपाशी मी येतेच. एरवी मुद्द्यावर यायला मला वेळ लागत नाही. आज लागेल असं दिसतं.

वाशीमला माझी रक्त तपासायची छोटी लॅब आहे. तेवीस वर्षं झाली. तिथली एक रीत मी पहिल्या दिवसापासून पाळते: मशीनवर आकडा दिसला की आधी हाताने चिठ्ठीवर, मग रजिस्टरात, मग रिपोर्टवर. चिठ्ठी फेकायची नाही. उद्या कोणी विचारलं तर मूळ आकडा हातात पाहिजे. या रीतीचा मला अभिमान होता. होता — असंच लिहिते.

माझा मोठा भाऊ मिलिंद मालेगावला टायरचं दुकान चालवतो. आमच्या जिल्ह्यातलं मालेगाव, नाशिककडचं नव्हे. ट्रॅक्टर, पिकअप, मोटारी, सगळं येतं त्याच्याकडे. मशीन आहेत, पण त्याचं नाव झालं ते हातामुळे. तो टायरवर तळवा ठेवायचा, आतून बाहेर फिरवायचा, मग बाहेरून आत, आणि सांगायचा की पुढचं डावं चाक बाहेर झुकलंय, किंवा या टायरच्या पोटातली तार सुटली आहे, महिनाभरात फुगा येईल. मग मशीन लावायची. मशीन तेच म्हणायची. किन्हीराजाची, मेडशीची माणसं वाट वाकडी करून त्याच्याकडे येत — मशीन वाशीमलाही होती, हात नव्हता. गाडी चालवायला मला त्यानेच शिकवलं. मी एकोणीस वर्षांची होते आणि गावात बाई स्टिअरिंगवर बसलेली कोणी पाहिली नव्हती. तो म्हणाला होता, रस्त्याकडे पाह्य, लोकायकडे नको पाहू.

आमचा एक छंद आहे. ऐकून लोक हसतात, तुम्हीही हसा. जिल्ह्यातले आम्ही सहा-सात जण दर जानेवारीत आपापल्या रोजच्या गाड्या घेऊन हैदराबादच्याही खाली असलेल्या एका शर्यतीच्या ट्रॅकवर जातो. शर्यत लावायला नाही. ट्रॅकवाले एक दिवस सामान्य लोकांना गाडी पळवू देतात — हेल्मेट घालून, एकेक गट सोडून — त्यासाठी. रस्त्यावर जे करायचं नाही ते तिथे करायचं आणि शहाण्यासारखं घरी यायचं. मी गाडी पळवत नाही. मी वही सांभाळते. स्टॉपवॉच घेऊन भिंतीपाशी उभी राहते, प्रत्येकाच्या प्रत्येक चकरीची वेळ चिठ्ठीवर टिपते, टायरची गार हवा किती, गरम झाल्यावर किती, तेही. वेळ मोजायचं यंत्र ट्रॅकवर भाड्याने मिळतं, पण आमच्यात कोणी ते कधी लावलं नाही. करुणाताईची वही असताना काय गरज? वाशीमचा इरफान, ज्याचं रंगाचं दुकान आहे, तो म्हणायचा, "ताईची वही म्हंजे हायकोर्ट."

एक नियम मीच घातला होता. दिवसभर कोणाला त्याची वेळ सांगायची नाही. आकडा कळला की माणूस तो मोडायला जातो आणि वळणावर चुकतो. संध्याकाळच्या चहाला सगळे जमले की मी वही वाचायची, तेव्हाच सगळ्यांना एकदम कळायचं. चांगला नियम होता. अजूनही चांगलाच आहे. पण असा नियम असला की चिठ्ठी आणि वही यांच्यामध्ये एक तास फक्त माझा असतो — हे तेव्हा माझ्या लक्षात आलेलं होतं का? नव्हतं. खरंच नव्हतं. त्या दिवसापर्यंत.

चार वर्षांपूर्वी सगळ्यांचे टायर एकदम बदलायला आले. आमचा प्रश्न साधा नव्हता. ज्या टायरवर ट्रॅकवर पळायचं त्याच टायरवर घरून जायचं आणि घरी परत यायचं. म्हणजे टायर रस्त्यावर चालणारा, कायद्याने मान्य असलेला पाहिजे, पावसात पाणी फेकणारा पाहिजे, आणि वळणावर धरणाराही पाहिजे. निव्वळ शर्यतीचा चालत नाही. अशा टायरांत आमच्या मापाचे दोनच मिळत होते. नावं लिहीत नाही, आम्हीही घेत नव्हतो. एकावर तीन सरळ नाळी, म्हणजे खाचा, होत्या, तो तीन नाळीचा. दुसऱ्यावर बाणासारखी नक्षी होती, तो बाणाचा.

मी तक्ता केला. पंधरा दिवस लागले. टायरच्या कडेवर झिजेचा आकडा छापलेला असतो. तो जितका कमी तितकं रबर मऊ आणि पकड जास्त. तो लिहिला. बनल्याचा आठवडा लिहिला. ओल्यातली पकड, आवाज, कडेचा ताठपणा, लोकांचे अनुभव — प्रत्येकाला गुण दिले. तीन नाळीला शंभरपैकी एक्याऐंशी, बाणाला चौऱ्याहत्तर. इरफानसकट पाच जणांनी त्या तक्त्यावरून तीन नाळीचे टायर मागवले. मला फार बरं वाटलं. गाडीच्या बाबतीत पाच पुरुष माझ्या शब्दावर चालले होते — हे इथे लिहिलं नाही तर पुढचं खोटं होईल.

सगळे टायर भाऊच्या दुकानात उतरले. त्या दिवशी सगळे तिथेच चहाला होतो. भाऊने दोन्ही जातीचे टायर जमिनीवर आडवे ठेवले. अंगठ्याचं नख रबरात रुतवलं. कड दाबली, वास घेतला, हात फिरवला. मग तीन नाळीच्या टायरवर थाप मारून म्हणाला, "हा लवकर तापते. दोन चकरा शेर हाय. चौथ्या चकरीले लोणी."

मी म्हटलं, तक्त्यात तसं काही नाही. गुणांचा फरक सातचा आहे.

तो हसला. मायेनेच हसला, वाईट मनाने नाही. "करू, तुह्या वहीले हात नाही."

सगळे हसले. इरफान तर इतका हसला की त्याचा चहा सांडला. मीही हसले. भाऊने स्वतःसाठी बाणाचे चार घेतले. आणि म्हणाला, जानेवारीत दोन्ही नेऊ, एकाच गाडीवर एकामागे एक लावू, मीच चालवतो, तू मोज. काय ते दिसून जाईन.

इथवर कोणाचं काही चुकलेलं नाही. माझंही नाही.

ट्रॅकवर भाऊच्या जुन्या हॅचबॅकला सकाळी अकराला तीन नाळीचे टायर लावले. एक चक्कर टायर गरम करायला, मग चार मोजायच्या. दोन मिनिटं एकवीस. दोन बावीस. मग दोन पंचवीस. मग दोन सत्तावीस. उतरला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. वेळ त्याने विचारली नाही, नियम होता ना. जॅक लावून त्यानेच चाकं बदलली. एक वाजता बाणाचे टायर. ऊन तेव्हा जास्तच होतं, म्हणजे फायदा झालाच तर तीन नाळीला झालेला. बाणाचे चार आकडे मी चिठ्ठीवर लिहिले. ते आत्ता सांगत नाही. इतकंच सांगते की शेवटचा आकडा लिहिताना माझं पेन थांबलं. भाऊ भिंतीजवळून गेला तेव्हा गाडीचा आवाजसुद्धा सरळ होता, कुठे टायर किंचाळत नव्हता. त्याचं म्हणणं खरं होतं. एका नखाने आणि एका तळव्याने त्याने जे सांगितलं, ते माझ्या पंधरा दिवसांच्या तक्त्याला सापडलं नव्हतं.

चार वाजता मी ट्रॅकवरच्या खोलीत बसून वही काढली.

किती सोपं असतं हे तुम्हाला माहीत आहे का? मला नव्हतं माहीत. मला वाटायचं, खोटं लिहिताना हात कापत असेल. नाही कापत. अक्षर नेहमीसारखंच आलं, रेघा पट्टीने मारल्या. तीन नाळीच्या शेवटच्या दोन चकरा मी तीन-चार सेकंदांनी कमी केल्या — दोन बावीस, दोन तेवीस. बाणाच्या चारही वाढवल्या. पहिलीला तीन, दुसरीला चार, तिसरीला पाच. शेवटचीला सात. दोन्ही बाजूंनी मारलं. एकाच बाजूने मारलं असतं तर फरक कमी दिसला असता, इतका हिशोबी विचार मी केला. मग चिठ्ठी घडी करून वहीच्या कव्हरमध्ये सरकवली. फाडली नाही. कारण चिठ्ठी फाडायची नसते. आहे की नाही गंमत? आकडे बदलताना काही वाटलं नाही आणि कागद फाडवेना.

चहाला मी वाचलं. इरफान टाळी वाजवून म्हणाला, हायकोर्टाचा निकाल लागला. बाकीचे भाऊला चिडवायला लागले, मिलिंदभाऊ, नखं काढून टाका आता. भाऊ हसत नव्हता, रागावलाही नव्हता. त्याने वही मागून घेतली आणि ओळीखाली बोट ठेवून दोनदा वाचली.

"मले तं बाणावर गाडी हलकी लागली," तो म्हणाला. मग वरच्या ओळीवर बोट नेऊन, "तीन नाळीवर मागून सरकून राह्यली होती." मग त्याने वही बंद करून माझ्याकडे दिली. "असन. वहीत हाय तं हाय."

मला वाटलं होतं तो भांडेल. पुन्हा मोज म्हणेल. तो भांडला असता तर मी काय केलं असतं? मी तयारी ठेवली होती भांडणाची. विश्वासाची नव्हती ठेवली.

तुम्हाला वाटेल, झालं, एवढंच. टायरचे आकडे बदलले, बहिणीने भावाची जिरवली, छंदातली गोष्ट. मीही बराच काळ स्वतःला हेच सांगितलं. पण मी जे लपवलं ते हे नाही. ते परतीच्या वाटेवर झालं.

परत येताना भाऊने किल्ली इरफानला दिली; इरफानची गाडी त्याच्या दुकानातला पोरगा मागून आणत होता. त्याने स्वतःची गाडी दुसऱ्याला चालवायला दिलेली मी तोवर पाहिली नव्हती. तो मागे माझ्याशेजारी बसला. नांदेड मागे पडलं, हिंगोली आलं. त्याने उजवा हात मांडीवर उताणा ठेवला होता आणि डाव्या हाताच्या अंगठ्याने एकेक बोटाचं टोक दाबून पाहत होता. करंगळी, अनामिका, मधलं. पुन्हा करंगळी. मग हळू आवाजात, इरफानला ऐकू जाऊ नये असं, त्याने विचारलं —

"करू, साखरेनं हाताची जाण जाते काय?"

त्याचं रक्त दोन महिन्यांपूर्वी मीच तपासलं होतं. साखर नुकती रेघेवर आलेली. इतक्यात हाताला काही होत नाही. आणि होतं तेव्हा बहुधा आधी पायांना होतं, तळव्यांना मुंग्या येतात. हे मला ठाऊक होतं. रोज ज्या डॉक्टरांचे पेशंट माझ्याकडे येतात त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं. आणि त्याच्या हाताला काही झालेलं नाही याचा पुरावा माझ्या मांडीवरच्या वहीच्या कव्हरमध्ये होता.

मी म्हटलं, "जाऊ शकते, भाऊ."

तीन शब्द. त्यात एकही शब्द खोटा नाही, पुस्तकात तसंच लिहिलंय. म्हणून तर मी तेच वाक्य निवडलं. भाऊने मान हलवली, हात उलटा केला आणि खिडकीबाहेर पाहत राहिला. माझ्या दारात उतरताना मी त्याला म्हटलं, गोड कमी कर. तेही खरंच होतं.

नंतर काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण लांबवलं तर मी त्यात स्वतःला कुठेतरी चांगली दाखवेन.

त्याने दुकानात टायरवर हात फिरवणं सोडलं. एकदम नाही. आधी हात फिरवायचा आणि मशीन लावेपर्यंत बोलायचा नाही. मग मशीनच आधी. मग हातच नाही. मी एकदा माझ्या गाडीत हवा भरायला गेले होते तेव्हा मेडशीचा एक पिकअपवाला आला होता, जुनं गिऱ्हाईक. तो म्हणाला, "मिलिंदभाऊ, एकडाव हात फिरवून पाहा ना. मशीनवाल्याले मी वाशीमलेच दाखवलं अस्तं." भाऊ म्हणाला, "हाताचं दुकान बंद झालं, बापा." असं म्हणून दोन्ही हात खिशात घातले. पिकअपवाल्याला ती थट्टा वाटली. मी प्रेशर गेजकडे पाहत होते.

ट्रॅकवर तो अजून येतो. गाडी पळवत नाही. माझ्याजवळ भिंतीपाशी उभा राहतो, माझ्यावर छत्री धरतो, पाण्याची बाटली उघडून देतो. पुढच्या जानेवारीत मी सगळे आकडे खरे लिहिले — त्या एका वेळेनंतर मी एकही आकडा बदललेला नाही, पण हे सांगून काय उपयोग? खरे आकडे लिहिले म्हणून वहीत आपोआप दिसायला लागलं की पाचही जणांचे तीन नाळीचे टायर तिसऱ्या-चौथ्या चकरीला उतरतात. बाकीच्यांनी लक्ष दिलं नाही. भाऊने दिलं. चहानंतर सगळे उठले तेव्हा तो वही घेऊन माझ्याजवळ आला.

"हे सगळे उतरून राह्यले. मंग माहा काहून नाही उतरला त्या साली?"

आम्ही दोघंच होतो. त्याने चेहऱ्यावर काही ठेवलं नव्हतं, ना संशय, ना राग. त्याला फक्त जाणून घ्यायचं होतं. कदाचित — हे मी नंतर पुष्कळदा मनात फिरवलं — कदाचित त्याला त्याचा हात परत हवा होता, आणि तो तो माझ्याकडे मागत होता.

मी म्हटलं, "त्या वर्षी ऊन वेगळं होतं."

"हो. ऊन असन," तो म्हणाला.

त्याचे बाणाचे चार टायर दुकानाच्या माळ्यावर आहेत, ताडपत्रीखाली. वर टिनाचं छप्पर आहे. चार उन्हाळे झाले. टिनाखाली रबराचं काय होतं ते मला माहीत आहे, तो माझ्या तक्त्यातला एक रकाना होता.

मी असं का केलं, हे सांगायला माझ्याकडे कारणं आहेत. मी ती कागदावर मांडलीही होती, एक-दोन-तीन करून. त्या पुरुषांत मी एकटी बाई, माझी जागा त्या वहीवर उभी, वगैरे. लिहून झाल्यावर वाचली. सगळी खरी होती आणि एकही कामाची नव्हती. ज्याने मला गाडी शिकवली त्याच्याविषयी बोलत होते मी.

दर तीन महिन्यांनी तो साखर तपासायला लॅबमध्ये येतो. गेल्या आठवड्यात आला होता. साखर आता छान आहे, दोन वर्षांपासून. तो खुर्चीत बसतो, डाव्या हाताची अनामिका पुढे करतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहतो. मी त्याचं बोट धरलं. सुई अजून ट्रेमध्येच होती.

"हातमोजे बदलले काय?" त्याने कॅलेंडरकडे पाहतच विचारलं. "आगोदरचे पातळ होते."

त्याच सकाळी मी नवीन खोका उघडला होता. दुसऱ्या बनावटीचा. मला स्वतःला घालताना फरक कळला नव्हता. खोक्यावर वाचून कळला होता.

"हो," मी म्हटलं. "नवा खोका आहे."

सुई लावली. त्याचं बोट आखडलं, नेहमीसारखं, टोचायच्या केसभर आधी. आकडा चिठ्ठीवर लिहिला, मग रजिस्टरात. तो चहा घेऊन मालेगावच्या गाडीने गेला.

त्याला मी अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला आधी सांगते आहे, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही. हे काय आहे ते मला कळतं.

चिठ्ठी माझ्यासमोर आहे. घडीवर शाई थोडी फिकट झाली आहे, पण वाचता येते. वहीतली नोंद चुकीची आहे. मूळ नोंद ही: बाणाचे टायर, गार हवा तीस, गरम चौतीस, दुपारी एक. चालक मिलिंद. पहिली चक्कर दोन मिनिटं तेवीस. दुसरी दोन एकवीस. तिसरी दोन एकवीस. चौथी दोन वीस.